अप्पांच्या पाठीची वाटणी

मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तपासणीचं काम करतो. भाईंदर पूर्वेला असे कारखाने पूर्वी गल्लोगल्ली होते, आता कमी झालेत. पॉलिशसाठी नवा बफ, म्हणजे भांडं घासायचं फिरतं कापडी चाक, आला की तो जुन्यापेक्षा बरा आहे का, हे ठरवायची आमची एक पद्धत आहे. एकाच पत्र्याची ताटं घ्यायची, अर्धी जुन्या बफवर लावायची, अर्धी नव्यावर, आणि दोन्हीकडची नापास ताटं मोजायची. कारागीर भांडत असतात, हा बफ चांगला, तो बफ चांगला. मोजलं की वाद संपतो. इतकी वर्षं मी या विश्वासावर नोकरी केली आणि याच विश्वासावर गेल्या वर्षी घरातला एक वाद संपवायला गेलो. तो संपला की नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

वाद माझ्या वडिलांच्या पाठीवरून होता.

अप्पा बाथरूममध्ये पाय घसरून बसल्यासारखे पडले. कंबरेच्या वरच्या मणक्याला चीर गेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, पण काही आठवडे झोपून राहायचं, उठून बसायचं नाही. कूस बदलायची तीसुद्धा ओंडका फिरवल्यासारखी, खांदा आणि कंबर एकदम. निघताना दारात थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं. "यांना शुगर आहे. पाठीकडे लक्ष ठेवा. एकदा कातडी उघडली की भरता भरत नाही."

याची मला फारशी काळजी वाटली नाही, कारण आमच्या घरात एक सोडून दोन नर्स होत्या. माझी मोठी बहीण, ताई, मुंबईत महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्त होताना ती वॉर्डची मुख्य सिस्टर होती. राहते भाईंदर पूर्वेला, म्हणजे शेअर रिक्षाने आमच्या घरी, शांती नगरात यायला तिला काही त्रास नाही. आणि माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. शेजारी म्हणायचे, "अंकल, आपके घर में तो पूरा हॉस्पिटल है." मलाही तसंच वाटत होतं.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी अप्पांच्या माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना लाल डाग दिसले. एक डावीकडे, एक उजवीकडे, जवळजवळ सारखेच. ताईने पाहिले आणि पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि पावडरचा डबा काढला. तळहातावर स्पिरिट घेऊन ती पाठ चोळायला लागली. खालून वर, मग खांद्यावरून गोल, मग पुन्हा खाली. अप्पा डोळे मिटून पडले होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी पडल्यापासून पाहिलं नव्हतं.

मुलगी कॉलेजला निघाली होती. अंगात पांढरा ऍप्रन, केस जाळीत बांधलेले. ती दारातूनच ओरडली.

"आत्या, थांब! लाल झालंय तिथे चोळू नको!"

ताईचा हात थांबला नाही. "का गं?"

"आतलं आधीच दुखावलेलं असतं. चोळून आणखी दुखावतं. आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"एव्हिडन्स आहे, आत्या."

"असं? मग माझा एव्हिडन्स पण लिहून घे. माझ्या वॉर्डात एकाही पेशंटला बेडसोअर नव्हता. रोज सकाळी बॅक केअर. पाठ लाल दिसली तर मेट्रन आम्हाला लाल करायची."

"किती पेशंट होते?" हे मी विचारलं. मला राहवत नाही.

"मोजलेत कोणी? सोअर नव्हतेच तर मोजायचं काय?"

"ज्यांना झाले ते डिस्चार्ज घेऊन घरी गेले असतील," मुलगी म्हणाली आणि जिना उतरून गेली. ताई माझ्याकडे बघत राहिली. "हे शिकवतात होय हल्ली?"

त्या संध्याकाळी मी मुलीला समोर बसवलं. तिच्या कॉलेजात त्या वर्षी 'एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस' नावाचा विषय होता. आपण जे करतो ते नुसतं चालत आलंय म्हणून करायचं नाही, त्याला आधार काय ते शोधायचं, असा त्याचा अर्थ तिने मला सांगितला. प्रत्येक गटाने एक प्रश्न घ्यायचा होता. तो प्रश्नही कसाही विचारायचा नाही. रुग्ण कोण, उपाय कोणता, तो कशाच्या तुलनेत, आणि फरक कशात बघायचा, असे त्याचे चार खण पाडायचे. मग त्यावरचे जगभरातले अभ्यास शोधायचे आणि वर्गापुढे मांडायचे. तिच्या गटाचा प्रश्न नेमका हाच होता. झोपून असलेल्या रुग्णाची पाठ चोळल्याने बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, टळतो का?

मला हे सगळं फार आवडलं. चार खण आवडले. मी म्हटलं, "बरं, मग उत्तर काय निघालं?"

"चोळू नये, असं मार्गदर्शक सूचना सांगतात."

"म्हणजे चोळल्याने सोअर वाढतो असं सिद्ध झालंय."

"तसं... सिद्ध म्हणजे, बाबा, अभ्यास थोडे आहेत. आणि लहान आहेत. चोळल्याने फायदा होतो असा पुरेसा पुरावा नाही."

"आणि तोटा होतो असा?"

"तोही तसा पुरेसा नाही. पण होण्याची शक्यता आहे."

"म्हणजे दोन्ही बाजूंनी पुरावा नाही."

"पुरावा नाही असं नाही. पुरेसा नाही."

"मग आत्याचं चूक कशावरून?"

तिने लॅपटॉप मिटला. "बाबा, तुम्ही आमच्या तोंडी परीक्षेच्या एक्स्टर्नलसारखे विचारताय."

मग तिने मला आणखी गोंधळात टाकणारी एक गोष्ट सांगितली. ज्या हॉस्पिटलात तिची ड्युटी लागायची तिथे ती स्वतः रोज सकाळी रुग्णांची पाठ स्पिरिट-पावडरने चोळत होती. वॉर्डच्या सिस्टर तसंच करून घेत होत्या. प्रॅक्टिकलच्या परीक्षेतही तेच विचारतात, ट्रॉलीवर काय काय मांडायचं, हात कसा फिरवायचा. एका मुलीने वॉर्डात सांगून पाहिलं की हे आता करत नाहीत. तिला उत्तर मिळालं, "पुस्तक कॉलेजात ठेव आणि पाठी चोळायला घे."

"म्हणजे कॉलेजात एक, वॉर्डात दुसरं?"

"वॉर्डात मी स्टुडंट आहे, बाबा. घरी मी नात आहे. घरी तरी मला बरोबर ते करू दे ना."

दुसऱ्या दिवशी ताईला समजवायला गेलो, तर तीही जवळजवळ तेच म्हणाली. "अरे, आयुष्यभर परक्यांच्या पाठी चोळल्या. स्वतःच्या बापाची चोळायची नाही?"

मी दोघींनाही बरोबर धरू लागलो आणि घरात रोज सकाळी भांडण व्हायला लागलं. ताईने पावडरचा डबा काढला की मुलगी तो कपाटावर ठेवायची. ताई स्टुलावर चढून तो खाली काढायची. माझी बायको म्हणाली, "एक दिवस ताई स्टुलावरून पडतील, मग दोन खाटा टाका."

तेव्हा मला बफची आठवण झाली.

डाग दोन होते, सारखेच होते. बिछाना एक, माणूस एक, साखर एक, जेवण एक. याहून चांगला लॉट कुठे मिळणार? मी रविवारी दोघींना खाटेपाशी उभं केलं आणि तोडगा सांगितला. डावी बाजू ताईची. तिने तिच्या पद्धतीने चोळावी. उजवी बाजू मुलीची. तिथे चोळायचं नाही, कोरडं ठेवायचं, क्रीम लावायचं, रोज बघायचं. कूस बदलायची ती दोघींच्या मते सारखीच, दर दोन तासांनी, त्यात भांडण नव्हतं. डागांची मापं मी घेणार. ज्या बाजूचा डाग कमी होईल तिची पद्धत दोन्हीकडे.

मुलीने तोंड वाकडं केलं. "एका माणसावर असं काही ठरत नसतं, बाबा."

"मग तुझे अभ्यासही लहानच आहेत म्हणालीस ना?"

तिने क्रीमची ट्यूब उचलली. ताई म्हणाली, "माझी हरकत नाही. आठ दिवसांत हिचा एव्हिडन्स हिच्या डोळ्यांनी बघेल."

अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिकडूनच बोलले. "गावच्या जमिनीची वाटणी माझ्या आज्यापासून लटकलीय. माझी मात्र एका रविवारात झाली."

सगळे हसलो. मला तर बरंच वाटलं, म्हटलं अप्पांचीही संमती आहे.

मापं मी मनापासून घेतली. फाइलचं पारदर्शक कव्हर कापलं, ते डागावर धरून कडेकडेने मार्करने रेघ काढायची आणि मग आलेख-कागदावर ठेवून आत किती चौकोन बसतात ते बघायचं. अर्धा चौकोन असेल तर अर्धा धरायचा. मुलगी म्हणाली की असं खरंच करतात, त्यांच्या पुस्तकात आहे. माझी छाती फुगली. तिने मला बोटाने दाबून बघायलाही शिकवलं. दाबून बोट उचललं की जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिली, तर आत बिघडायला सुरुवात झाली. त्याचा मी कागदावर वेगळा रकाना केला.

अप्पा म्हणायचे, "रोज मापं घेतोस. कपडा कधी शिवणार?"

पहिले काही दिवस दोन्ही बाजू सारख्या होत्या. मग डावी बाजू कमी व्हायला लागली. चौकोन कमी, दाबलं की पांढरी. उजवी तशीच राहिली आणि मग वाढली. मी घाई केली नाही. मध्ये एखादं माप उलटं येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. ताईची बाजू रोज सुधारत होती, मुलीची रोज बिघडत होती.

मुलगी संध्याकाळी आली की आधी हात धुऊन अप्पांच्या खोलीत जायची. "आजोबा, वळा." वळवायची, बोट दाबायची, आणि बाहेर यायची. मी कागद पुढे केला की म्हणायची, "माहितेय." एकदा मी तिला सांगितलं की आकडे कोणाचे नातेवाईक नसतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. ती म्हणाली, "मला आकड्यांचं नाही वाईट वाटत. आजोबांचं वाटतंय. थांबवू या का हे?"

थांबवायला हवं होतं. मी म्हटलं, आणखी दोन दिवस बघू, म्हणजे पक्कं होईल. एका लॉटवरून बफ बदलत नाहीत, ही सवय आड आली.

पक्कं झालं. शनिवारी संध्याकाळी मुलीने पाहिलं तेव्हा उजव्या डागाच्या मधोमध कातडी सुटली होती. लहानशी, बोटाच्या नखाएवढी, पण ओली. तिने मला आत हाक मारली. मी पाहिलं आणि आपोआप फाइलचं कव्हर शोधायला लागलो. ती म्हणाली, "बाबा, प्लीज. आता नको." तिचा आवाज इतका बारीक होता की मी कव्हर खाली ठेवलं. तिने जखम स्वच्छ केली, ड्रेसिंग लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"मॅडमना सांगते, आमच्या घरी उलटं निघालं," ती म्हणाली. "गुरुवारी प्रेझेंटेशन आहे. चार मुलींनी महिनाभर वाचून काढलं की चोळू नका. आणि माझ्याच आजोबांची..."

बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि माझ्याकडे बघत होती. ते बघणं काही बरं नव्हतं.

रविवारी सकाळी ताई आली. मला वाटलं होतं ती जिंकल्यासारखी वागेल. तिने तसं काही केलं नाही. जखम बघितली, चेहरा उतरला. मग म्हणाली, "हवेची गादी मागव, भाड्याने मिळते. हे आधीच करायला हवं होतं. माझ्या हातावर फार भरवसा ठेवला मी." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि आता दोन्ही बाजू मीच बघते. उघडलंय तिथे हात लावणार नाही, पण बाकीचं मी बघते."

मुलीने मान हलवली.

तेव्हा अप्पांनी विचारलं, "मग आता मी झोपायचं कुठल्या बाजूवर?"

"कुठल्या बाजूवर म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हणजे आतापर्यंत हिने चोळलेली बाजू जपत होतो. आता दोन्ही जपायच्या, तर मला काय पंख्याला टांगणार?"

कोणाला काही कळेना. ताई खाटेवर बसली. "अप्पा, नीट सांगा. जपत होतात म्हणजे काय करत होतात?"

अप्पांना यात न समजण्यासारखं काय आहे, तेच समजत नव्हतं. त्यांनी सावकाश सांगितलं. ताई भाईंदरहून रोज येते, एवढं चोळून जाते. त्या बाजूवर परत वजन टाकायचं म्हणजे तिच्या कष्टांवर पाणी. म्हणून आम्ही त्यांना डावीकडे कलतं केलं आणि खोलीतून गेलो, की ते खिडकीची जाळी धरून हळूच उजवीकडे सरकायचे. उताणे असले तरी भार उजवीकडेच द्यायचे.

"पण उजवीकडेसुद्धा डाग होता ना, आजोबा!" मुलगी म्हणाली.

"होता. पण तिथे तू हातसुद्धा लावत नव्हतीस. नुसतं बघायचीस आणि जायचीस. मला वाटलं ती बाजू धड आहे. ज्याला काही झालंय त्याला औषधपाणी करतात. ज्याला काही करत नाहीत त्याला काय झालेलं असतं?"

"मी क्रीम लावत होते!"

"ते मला कुठे दिसतंय? पाठीला डोळे आहेत?"

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं? तुझ्या बापाने वाटणी केली, दोघींना विचारलं. जमिनीला विचारतात का?"

ताईला हसू फुटलं आणि ती लगेच पदराने डोळे पुसायला लागली. माझ्या हातात मापांचे कागद होते. एकही माप चुकलं नव्हतं. अर्धा चौकोन अर्धाच धरला होता. ताट एकदा बफला लावलं की मुकाट्याने घासलं जातं, आपल्याला कुठल्या बफवर घातलंय याचा विचार करून ते कुशी बदलत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि मी अप्पांच्या त्या विनोदाला संमती समजलो होतो.

थोड्या वेळाने मला वाटलं, चला, निदान कोडं तरी सुटलं. चोळण्याचा काही संबंध नव्हता, सगळा भाराचा खेळ होता. तसं मी म्हटलंही. मुलगी म्हणाली, "असंही म्हणता येणार नाही, बाबा. डावी बाजू भार नव्हता म्हणून सुधारली, की चोळल्याने सुधारली, की चोळलं नसतं तर आणखी लवकर सुधारली असती, काय माहीत?"

"आणि मी चोळलं म्हणूनच त्यांनी ती जपली," ताई म्हणाली. "मग ते चोळण्याचंच काम झालं की नाही?"

मी विचार केला. एका दृष्टीने झालं. एका दृष्टीने त्याच चोळण्याने उजवी बाजू उघडली. मी आजही त्यावर विचार करतो आणि प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी जाऊन पोचतो.

गुरुवारी मुलीने वर्गात जे वाचलं होतं ते मांडलं आणि शेवटी घरातलीही हकीकत सांगितली. नावं न घेता. संध्याकाळी चहा घेताना ती तिने आम्हाला पुन्हा ऐकवली. मुली हसल्या होत्या. तिच्या मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "रुग्णाला काय सांगितलं होतं?" ती म्हणाली, काही नाही.

"आम्ही पाठ केलंय ते," ती मला म्हणाली. "अभ्यास काय सांगतात ते एक. नर्सचा अनुभव ते दुसरं. रुग्णाचं म्हणणं ते तिसरं. तिन्ही मिळून एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस. परीक्षेत तीन गोल काढून दाखवतो, मार्क मिळतात. मी अभ्यासाच्या गोलात उभी होते, आत्या अनुभवाच्या. आणि तिसऱ्याला आम्ही ओंडक्यासारखं फिरवत होतो."

"मग मॅडम काय म्हणाल्या? हे पुराव्यात धरायचं की नाही?"

"नाही धरता येणार म्हणाल्या. पण टाकूनही देऊ नको म्हणाल्या."

"मग ठेवायचं कुठे?"

"ते नाही सांगितलं," ती म्हणाली. बिस्किट चहात बुडवून धरलं होतं, ते तुटून आत पडलं.

त्यानंतर घरात जे ठरलं ते कोणी एकाने ठरवलं नाही. हवेची गादी आली. तिचा पंप दिवसभर घुरघुरायचा, अप्पा म्हणायचे, खाटेखाली म्हैस बांधलीय. ताई खांदे आणि पाठीचा वरचा भाग चोळायची, तेल लावून. माकडहाडाकडे हात न्यायची नाही. वरचा भाग चोळायला मुलीची हरकत नव्हती. तिथे कातडी धड होती आणि अप्पांना ते हवं होतं. अप्पांना मुलीने एकदा बसून सगळं समजावलं, भार म्हणजे काय, हात न लावणं हासुद्धा उपाय कसा असतो. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण लावला तर बरं वाटतं गो." तिने यावर वाद घातला नाही.

माझी मापं बंद झाली होती. तसं कोणी सांगितलं नव्हतं, पण कव्हर पुन्हा हातात घ्यायला धीर झाला नाही. जखम भरतेय की नाही ते मला मुलीच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागायचं, आणि माझ्यासारख्याला ते फार कठीण जातं. साखर वरखाली होत होती. कधी ती ड्रेसिंग बदलून बाहेर यायची आणि "ठीक आहे" म्हणायची. ते ठीक म्हणजे काल होतं त्याहून बरं, की काल होतं तेवढंच, हे कळायचं नाही.

एक गोष्ट बदलली होती. ती आता "आजोबा, वळा" म्हणत नव्हती. दारात थांबून विचारायची, "आजोबा, बघू का?" अप्पा म्हणायचे, "बघ." रोज.

एका संध्याकाळी अप्पा म्हणाले, "आज नको."

ती हातमोजे घालून उभी होती. मी खुर्चीवर होतो. ड्रेसिंग बदलायचा तो दिवस होता. एक दिवस चुकला आणि आत काही चिघळलं, तर पुन्हा पहिल्यापासून. आणि विचारलं आहे, त्यांनी नको म्हटलं आहे. मग विचारण्याला अर्थ काय? तिने माझ्याकडे पाहिलं. हो म्हणावं तर ती वॉर्डातल्यासारखी वळवेल, नाही म्हणावं तर जखम.

"का नको, आजोबा?"

"कंटाळा आलाय. रोज ते उघडं पडायचं. तू नात आहेस माझी."

तिने हातमोजे काढले आणि खाटेच्या कडेवर बसली. हे तिला कोणी शिकवलं होतं की नाही, मला माहीत नाही. अप्पांच्या चादरीचं टोक सारखं करत बसली. अप्पांनी टीव्ही लावायला सांगितला, मी लावला, थोड्या वेळाने बंद करायला सांगितला, मी बंद केला. पंप घुरघुरत होता. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होतो.

मग अप्पांनी आपणहून जाळी धरली आणि कूस बदलायला सुरुवात केली. "ये," ते म्हणाले. "पण याला बाहेर पाठव."

मी बाहेर गेलो. दार लोटून घेतलं आणि तिथेच उभा राहिलो. आतून तिचा आवाज येत होता, काय ते ऐकू येत नव्हतं. मग तिने दार उघडलं.

"कातडी धरतेय, बाबा."

"किती?" मी विचारलं.

"धरतेय," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.